दोन नळ्यांचा चमत्कार

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पाणीवाले काका दोन नळ्या दिव्यासमोर धरून उभे होते. दोन्हींत एकाच बाईचं रक्त, खाली लाल साका आणि वर सुटलेलं पाणी. कालचं दुधासारखं पांढरं, आजचं नितळ. "डॉक्टर जन्मभर गोळ्या चारतात. माझ्या पाण्याचा एक पेला एका रात्रीत नसा धुतो," काका म्हणाले. मी मागे उभी राहून पाहत होते. लोकांनी हात जोडले. त्यांत शिलाईचं दुकान बंद ठेवून आलेला माझा दादाही होता.

वर्षापूर्वी दादाला हृदयाचा झटका येऊन गेला होता. पुढच्या आठवड्यात त्याने स्वतःच्या दोन नळ्या मला दाखवल्या आणि चरबी कमी करणाऱ्या गोळ्या बंद केल्याचं सांगितलं. मी अठरा वर्षं प्रयोगशाळेत रक्त तपासते. येईल त्याला आधी विचारते, उपाशी आहात ना? नेमकं ते दादाला विचारलं नाही. नळ्या पाहून मीही चाट पडले, खोटं कशाला बोलू?

चार दिवसांनी वहिनी सहज बोलून गेली. तिथे आधी लोणी थापलेला पाव पोटभर देतात, मग तीन तास प्रवचन, मग रक्त घेतात. पाणी प्यायल्यावर सकाळपर्यंत उपास, आणि मग पुन्हा रक्त. म्हणजे प्रवचन उगीच लांबत नव्हतं. मी घरी स्वतःवर तेच केलं, फक्त पेला वगळून. आधीची नळी दुधासारखी, सकाळची नितळ.

त्या नळ्या घेऊन मी सभागृहात गेले. सांगितलं, माझं रक्त पेल्याशिवायच निवळलं; जेवणातली चरबी रक्तात उतरते, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, ती फोडून रक्त निवळवतात. हे काम तुमचं शरीर रोज फुकट करतं. पण धमनीच्या भिंतीत मुरलेली चरबी नळीत दिसत नाही. तिथल्या पेशींत नस सैल ठेवणारं विकर असतं, ते या चरबीने मंदावतं. गोळी त्यासाठी असते.

काका हसले. "ताई, तुम्ही त्या दिवशीही इथे उभ्या होतात ना? नुसतं इथे उभं राहिल्यानेही गुण येतो, म्हणून तुमचं रक्त निवळलं." सगळे हसले.

दादा माझ्यामागे बाहेर आला. म्हणाला, "तुझं खरं असेल गं. पण गोळ्यांनी पाय दुखायचे, आता दुखत नाहीत."

दुसरी गोळी मिळते म्हटलं, भांडले, रडले. पालथ्या घड्यावर पाणी. चौथ्या महिन्यात दादा मशीनवर बसल्या बसल्या गेला. बाही सुईखाली तशीच राहिली.

सभागृह अजून भरतं. वहिनीही जाते. कुणी अशा नळ्या दाखवल्या, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा, रक्त घेतलं तेव्हा माणूस जेवलेला होता की उपाशी? मी विचारलं नाही, मला ते चार दिवस उशिरा कळलं.