साठाच्या खुणेवर

मी एक जुना मेट्रोनोम आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. पियानो शिकणाऱ्याला लय दाखवणारं मी यंत्र. अक्रोडाच्या लाकडाची छोटी उभी पेटी, आत चावीची स्प्रिंग आणि पुढे डावी-उजवीकडे हलणारी पोलादी काडी. काडीवर एक सरकतं वजन असतं. ते साठाच्या खुणेवर ठेवलं, की मिनिटाला साठ ठोके पडतात. एक कमी नाही, एक जास्त नाही. याचा मला भारी अभिमान होता.

माझा जन्म जर्मनीतला. एका गोऱ्या साहेबाबरोबर मी सातारच्या छावणीत आलो. १९४१ साली साहेब लढाईवर निघाला, तेव्हा त्याने आपला पियानो आणि मला विष्णुपंतांच्या हवाली केलं. विष्णुपंत तरुणपणी मुंबईला एका पारशी बाईंकडे पियानो शिकले होते आणि साहेबाच्या मुलांना शिकवायचे. बायको वारल्यापासून घरात ते आणि त्यांची मुलगी शरयू, दोघंच. पंत रोज मला मऊ फडक्याने पुसत आणि आल्यागेल्याला सांगत, "या घरात खरं बोलणारा हा एकटाच."

पुढच्याच वर्षी पंतांचं कोपर लागून मी खाली पडलो. वजन घरंगळलं ते थेट मोरीत. लढाईमुळे जर्मनीहून नवं येणं शक्य नव्हतं. मोती चौकाजवळ आकाराम घड्याळं दुरुस्त करायचा, त्याने पितळेचं वजन घडवून दिलं.

"आवं पंत," तो म्हणाला, "जुनं वजन बघाय मिळालं न्हाई. म्या अंदाजानं केलंय. घरी गेल्यावर घड्याळासंगं एकदा ताडून बगा."

"बघतो, बघतो," म्हणत पंतांनी मला पिशवीत घातलं. घरी आल्यावर ते विसरून गेले. मला मात्र डोकं हलकं झाल्यासारखं वाटत होतं. मी मूर्ख! मला वाटलं, दुरुस्तीने मी तरुण झालो.

शरयू सतरा वर्षांची झाली, तेव्हा पाचगणीला पियानोची परीक्षा घ्यायला विलायतेचा साहेब येणार असल्याचं कळलं. तिथल्या मुलींच्या एका शाळेला संगीत शिकवणारी बाई हवी होती. शरयू पास झाली तर ती जागा तिची. नाही झाली, तर सांगलीच्या एका बिजवराला द्यायची, असा शब्द पंतांनी देऊन ठेवला होता.

परीक्षेला एक शोकगीत होतं. कागदाच्या माथ्यावर लयीचा आकडा छापलेला: साठ. शरयू पहिल्यांदा ते वाजवायला बसली ती संथपणे, एकेक स्वर विरू देत. पंतांनी मला चावी दिली. टक, टक, टक. शरयू मागे पडली.

"अण्णा, हे फार घाईचं होतंय," ती म्हणाली. "आईला नेलं तेव्हा कोणी असं पळत नव्हतं."

"लिहिणाऱ्याने साठ लिहिलंय. तो शहाणा की तू?"

"साठ बरोबरच असेल. पण हे मला साठ वाटत नाही. भिंतीवरच्या घड्याळाशी एकदा ताडून पाहू या का?"

पंतांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी खोटा, यंत्र खोटं आणि तुझे कान तेवढे खरे! गुरूची परीक्षा घेतेस?" त्यांनी लाकडी पट्टी उचलली आणि तिच्या बोटांवर मारली.

घड्याळ माझ्यापासून चार हातांवर चालू होतं. चार महिने मी टकटकत राहिलो, पट्टी पडत राहिली, आणि शरयू माझ्या लयीत वाजवायला शिकली.

पाचगणीला मी पंतांच्या पिशवीत होतो. पंत खुर्ची ओढून तिच्या नजरेसमोर बसले. तिने ते शोकगीत एकही चूक न करता वाजवलं. साहेबाने शेरा लिहिला, 'बोटं तयार आहेत, पण ही मुलगी दुःख उरकून टाकते. शिकवण्यास योग्य नाही.' सहा महिन्यांत शरयूचं लग्न झालं. पियानो पुढे त्याच शाळेने नेला. मी कोनाड्यात धूळ खात पडलो.

एकटेपणात पंत कधीमधी मला चावी देऊन नुसते ऐकत बसायचे. १९४७ साली माझी स्प्रिंग तुटली, तेव्हा ते मला पुन्हा आकारामकडे घेऊन गेले. नवी स्प्रिंग घालून आकारामने विचारलं, "त्या टायमाला घड्याळासंगं ताडलं हुतं न्हवं?"

पंतांनी नकारार्थी मान हलवली. आकारामने खिशातलं घड्याळ काढलं, वजन साठाच्या खुणेवर ठेवलं आणि मिनिटभर ठोके मोजले. चौऱ्याहत्तर. पुन्हा मोजले. चौऱ्याहत्तरच.

"वजन लय हलकं झालंय, पंत, म्हनून काडी पळतीया. अठ्ठेचाळीसावर सरकवलं तर कुठं साठ पडत्यात."

पंतांनी घड्याळ मागून घेतलं आणि स्वतः मोजले. मित्रांनो, त्या दिवशी मला माझीच लाज वाटली. आकारामने मला तिथेच मोडून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्याच दिवशी पंत मला घेऊन सांगलीला गेले. शरयू ओसरीवर पाटावर बसून हळकुंडं निवडत होती. बोटं पिवळीधमक झालेली. पंतांनी सगळं सांगितलं. सांगताना ते लहान मुलासारखे रडले.

"मला तेव्हाही ऐकू येत होतं, अण्णा," ती म्हणाली.

"मग परीक्षेत तरी तुझ्या लयीत का नाही वाजवलंस?"

"तुम्ही समोर बसला होता."

तिने माझं वजन अठ्ठेचाळीसावर सरकवलं आणि चावी दिली. मग दुसरा पाट पुढे ओढून त्याच्या कडेवर बोटं ठेवली आणि ते शोकगीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. लाकडावर बोटं टेकल्याचा आवाज तेवढा येत होता. पंत मान खाली घालून ऐकत होते. आतून सासूबाईंची हाक आली, तशी ती उठून गेली.

पंत मला तिथेच ठेवून साताऱ्याला परतले. तेव्हापासून मी सांगलीच्या त्या घरात फडताळावर आहे. मला कोणी चावी देत नाही, आणि ते ठीकच आहे.

मित्रांनो, माझ्यासारखं एखादं यंत्र तुमच्या घरी असेल, तर त्याला नुसतं पुसून ठेवू नका. अधूनमधून घड्याळाशी ताडून पाहा. आणि घरातली एखादी मुलगी "एकदा पाहू या का?" म्हणाली, तर हातातली पट्टी खाली ठेवा आणि पाहा. एक मिनिट लागतं.