घाटनांदूरची गोड बातमी

केशरबाईंच्या रोहिणीला महिनाभर उलट्या होत होत्या, आणि त्यामुळे दोन्ही घरांत आनंदीआनंद होता.

घाटनांदूरहून विहिणीचा, भिवराबाईंचा, फोन आला होता. "आज चोरचोळी उरकून घेऊ. घरच्याच चार बाया. गाजावाजा काई न्हाई." चोरचोळी म्हणजे दिवस गेल्याचं गावाला कळू न देता सुनेची ओटी भरणं. घरच्या चार बाया म्हणजे निम्मी गल्ली, हे दोन्हीकडे ठाऊक होतं.

धर्मापुरीत सकाळी केशरबाई डिंकाचे लाडू डब्यात भरत होत्या. त्यांचे यजमान अर्जुनराव पंचायत समितीचे माजी सदस्य होते, पण 'माजी' या शब्दाचा त्यांच्या वागण्यावर काही परिणाम झालेला नव्हता. ते गाडीत बसून हॉर्न वाजवत होते.

लाडू वळून झाले होते तरी केशरबाईंच्या मनातून एक वाक्य जात नव्हतं. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बजावलेलं: ऑपरेशननंतर दीड वर्ष मूल नको. त्याला अजून वर्षही झालं नव्हतं.

ते ऑपरेशन वजन कमी करण्याचं होतं. रोहिणी एम.एस्सी. झालेली, हसतमुख आणि अंगानं भरलेली. स्थळं येत, चहा घेत, मुलीला येताना समोरून आणि जाताना पाठमोरी बघत, आणि घरी जाऊन कळवत की पत्रिका जुळत नाही. पत्रिका किती किलोची हवी होती हे कोणी सांगत नसे. शेवटी अर्जुनरावांनी ठराव मांडला, तो एकमतानं मंजूर झाला, आणि रोहिणीचं जठर लहान करण्यात आलं. तिचं मत घेण्याची प्रथा नव्हती.

ऑपरेशन उत्तम झालं. तिथल्या आहारतज्ज्ञ आयशा, बीडच्या फळवाल्यांची मुलगी, यांनी मायलेकींना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. वाटीभरच खायचं, सावकाश चावून. आधी डाळ, अंडं, पनीर. जागा उरली तर भाकरी. जेवताना पाणी नाही. जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभर. "आणि काकू, उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी मला फोन करायचा." केशरबाईंनी प्रत्येक वाक्याला मान डोलावली होती.

मग लग्न ठरलं. ऑपरेशन पित्ताच्या खड्यांचं होतं असं सांगायचं ठरलं. गोळ्यांची बाटली माहेरीच राहिली, कारण नव्या नवरीच्या सामानात बाटली निघाली तर बायका त्यावर काय काय तर्क लढवतील! सल्ल्याची मात्र टंचाई नव्हती. बीड जिल्ह्यात पाणी टँकरनं आणावं लागतं. सल्ला घरपोच मिळतो. अर्जुनरावांचे भाचे राधाकिशन आधी बोअरच्या मोटारी विकत. लातूरच्या हॉटेलात दोन दिवसांचं शिबिर करून आले ते 'वेलनेस कोच' होऊनच. "गोळ्या म्हंजे केमिकल, मामी. उष्ण पडत्यात. आपल्या पावडरीत समदं हाय," ते म्हणाले. पावडर चॉकलेटच्या चवीची होती. रोहिणीच्या सामानात ती गेली, कारण पावडर हल्ली प्रतिष्ठित लोकही पितात.

घाटनांदूरला दारातच भिवराबाईंनी विहिणीला मिठी मारली. "या ईनबाई! तुमची लेक तर आमची लाडाची झालीया. मी सोता भरवते तिला."

रोहिणी आतून आली. पाय फाकवून, भिंतीला हात लावत. पाया पडायला वाकली आणि तिचे हात केशरबाईंच्या पावलांशेजारी, नुसत्या फरशीवर टेकले.

"चक्कर! पयल्या खेपेला असंच व्हतं," एक बाई म्हणाली आणि बाकीच्या समाधानानं हसल्या.

केशरबाई हसल्या नाहीत. साडी दाखवायच्या निमित्तानं त्यांनी लेकीला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"काय व्हतंय गं तुला?"

"आई, तू दोन दिसतीस."

"जेवतीस का?"

"त्या भरवत्यात की. लई जीव लावत्यात गं. 'दोन जिवांची हायस' म्हणत्यात, ताट संपल्याबिगर उठू देत न्हाईत. मग मी मागं जाऊन समदं काढते."

"ती दिवस तपासायची पट्टी बघितली का?"

"दोनदा. एकच रेघ आली. त्या म्हणल्या, पट्टी चायनाची असंल."

"अगं, मग मला सांगितलं कावून न्हाईस?"

रोहिणीनं आईच्या दिशेनं पाहिलं. नजर जरा बाजूला लागली. "तूच शपथ घातलीस की. कुनाला बोलायचं न्हाई म्हणून."

केशरबाई परसात गेल्या. पाण्याच्या हौदामागं उभं राहून त्यांनी आयशाला फोन लावला. महिनाभर उलट्या थांबत नाहीत, एवढंच सांगितलं.

"गोळ्या चालू आहेत?" आयशानं विचारलं.

"बाटली माझ्याकडंच ऱ्हायली," केशरबाई म्हणाल्या.

"बरं. चालताना तोल जातोय? एकाचे दोन दिसतायत?"

"तुला कसं कळलं, बाई?"

"काकू, नीट ऐका. बी-वन नावाचं जीवनसत्त्व संपलेलं दिसतंय. ते मेंदूवर येतं. आत्ताच्या आत्ता अंबाजोगाईला न्या, शिरेतून इंजेक्शन लागेल. त्याआधी कोणी नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावू देऊ नका, त्यानं आणखी बिघडू शकतं. आणि डॉक्टरांना ऑपरेशनचं खरं सांगा. पित्ताचे खडे म्हणालात तर ते खड्यांच्या मागं लागतील. मी बोलते त्यांच्याशी. पण आधी तुम्ही बोला."

केशरबाई आत वळल्या आणि दारातच थबकल्या. पलंगाभोवती बायकांचं कडं पडलं होतं. खिडकीच्या गजाला ग्लुकोजची बाटली लटकत होती आणि गावातल्या दवाखान्यातला सिदू कंपाउंडर रोहिणीच्या मनगटावर शीर शोधत होता. आमच्याकडे सलाईन हे औषध नसून आदरातिथ्य आहे. पाहुण्याला चहा, सुनेला सलाईन.

"थांब रं, सिदू," केशरबाई म्हणाल्या. "मी हिला दोन दिस माहेरी नेते. तिथं दाखवू."

"ओटी न भरता?" भिवराबाई दुखावल्या. "भरल्या घरातून अशी नेत्यात व्हय? लाव रं तू."

अर्जुनरावांनी बायकोला दंडाला धरून कोपऱ्यात घेतलं. ते हळू आवाजात बोलत होते, म्हणजे फक्त निम्म्या बायकांना ऐकू जात होतं. "अशक्तपणा हाय, लावू दे. आता तोंड उघडलंस तर पोरगी कायमची घरी येईल. कळतंय का?"

"अन् न्हाई उघडलं तर?"

अर्जुनरावांना बहुमत नसलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सवय नव्हती.

सिदूनं कापूस फिरवला. सुईचं टोपण काढलं. लेकीचा संसार एका शब्दावर टांगलेला होता आणि लेकीचा जीव दुसऱ्यावर. त्या पुढं झाल्या आणि बाटली गजावरून ओढून काढली.

"हिला दिवस न्हाईत," त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्याच कानाला परका लागला. "हिचं पित्ताचं ऑपरेशन झालंच न्हाई. वजन उतरवायचं झालंतं. हिच्या पोटात वाटीभरच मावतं. गोळ्या मी बंद केल्या. लपवलं आमी."

सिदूनं सुईला पुन्हा टोपण घातलं.

"मग मी म्हैनाभर हिला..." भिवराबाई स्वतःच्या हातांकडे बघू लागल्या. "मी गच्च धरून भरवत व्हते की हिला."

दारातून अमरसिंह, रोहिणीचा नवरा, पुढं आला. चेहरा उतरलेला. "मामी, लग्नाआधी कावून सांगितलं न्हाई?"

"सांगितलं असतं तर केलं असतं का?"

तो उत्तर शोधत राहिला. ते त्याला सापडलं असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

"गाडी काढा," पलंगावरून रोहिणी म्हणाली. "मग भांडा."

अमरसिंहनं गाडी काढली. मागच्या सीटवर रोहिणीचं डोकं सासूच्या मांडीवर होतं, आईच्या नाही. भिवराबाईंनी ते सोडलंच नाही. अंबाजोगाईपर्यंत केशरबाई मधूनमधून लेकीला तिचं नाव विचारत होत्या.

इंजेक्शनं सुरू झाली. काही दिवसांत एकाचे दोन दिसणं थांबलं. तोल लवकर परत येईना. तो पूर्ण येईल का, यावर डॉक्टर "बघू" म्हणाले. आयशा रोज फोन करी आणि पातळ मुगाच्या डाळीपासून पुन्हा सुरुवात करून देई. संसाराचं पुढं काय, यासाठी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांची बैठक बसणार होती. तिच्या तयारीला अर्जुनराव उत्साहानं लागले होते.

भेटायला येणारे येतच होते, हातात पेढे, केळी, आणि राधाकिशनच्या पावडरीचा नवा डबा. केशरबाई सगळं दारातच परत करत. "कशानं झालं?" असं विचारलं की अर्जुनराव "पित्ता..." असा आरंभ करत आणि केशरबाई वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "पित्त न्हाई. वजनाचं ऑपरेशन केलंतं, अन् ते लपवलं. लपवल्यामुळं झालं."

शेजारच्या खाटेवर शिरूर कासारच्या जानकीबाईंची जाऊ होती. एका दुपारी जानकीबाई मुलीला घेऊन केशरबाईंच्या जवळ सरकल्या आणि आवाज खाली आणला.

"ताई, ते ऑपरेशन कुठं करत्यात वो? आमची प्रियदर्शनी जरा अंगानं हाय. औंदा उजवायची हाय."

केशरबाईंनी मुलीकडे निरखून पाहिलं. "हिला साखर हाय का? धाप लागती? गुडघे दुखत्यात?"

"छ्या! बैलावानी काम करती. नुसती स्थळांना पसंत पडंना."

"मग ऑपरेशन स्थळांचं करावं लागंल, बाई," केशरबाई म्हणाल्या.

जानकीबाईंना विनोद आवडला. त्या खुदखुदून हसल्या, मग पुन्हा विचारलं, "पण कुठं करत्यात?"

प्रियदर्शनी हसली नव्हती. ती पलीकडे बघत होती. तिथं तिच्याच वयाची रोहिणी भिंतीला दोन्ही तळवे टेकून निघाली होती, आणि पाऊल टाकायच्या आधी जमीन आहे ना, हे पायाच्या अंगठ्यानं चाचपून घेत होती.