तोंड पुढे करून

भागाबाईने तवा उपडा घातला आणि उलथण्याच्या कडेने त्याची काजळी खरवडायला लागली. काजळी हलकी; श्वास लागला तरी उडत होती, म्हणून ती मान एका बाजूला वळवून खरवडत होती. खाली पळसाचं पान ठेवलं होतं. पानावर काळा ढीग जमला तेव्हा तिने तो वाटीत झटकला.

तिची भावजय भिकुबाई चुलीपाशी होती. तिने मागे न पाहताच सांगितलं,

"तेल टाक व भागा. पानीनं काजय चिटकत नही."

"टाकेल शे, वहिनी."

तिने तेल घातलं नव्हतं. ज्वारीच्या पिठाची पातळ खळ करून तिने तीच काजळीत कालवली होती. शिंप्याच्या घरात जन्म गेलेला. खळीचे गुण तिला ठाऊक होते. ओली असताना ती चांगली बसते, वाळली की तडकते, आणि घाम आला की पापुद्रे सुटून पडतात. तेलातली काजळी मात्र कातडीत शिरते आणि साबणालाही दाद देत नाही. पंचांनी फर्मावलं होतं की काजळी भागानेच करायची आणि भागानेच लावायची. कशात कालवायची ते कोणी सांगितलं नव्हतं.

बाहेर लिंबाच्या झोक्यावर माहेरवाशिणी आखाजीची, अक्षय्यतृतीयेची, गाणी म्हणत होत्या. त्यांतली यशोदा झोका सोडून ओट्यापाशी आली आणि वाटीत डोकावली.

"मन्हा नवरा मन्हाकरता गाडीतून खाले उतरस नही," ती म्हणाली. "तुन्हा तं गधडावर चढाले तयार शे."

 भागाबाईने वाटी खाली ठेवली, केस सारखे केले, आणि पदर नीट खोचून घेतला.

सुकदेव तिचा नवरा. मानमोडीच्या तापाच्या साथीत तो धुळ्याच्या मिशनच्या दवाखान्यात पडला होता. वाचला, आणि बरा झाल्यावर तिथेच चादरी आणि खाटांच्या खोळी शिवायला राहिला. पुढे त्याने बाप्तिस्मा घेतला. बातमी आली त्याच दिवशी भागाबाईचा भाऊ झुलाल गाडी जुंपून तिच्या सासरी गेला आणि तिला घेऊन आला. तेव्हापासून ती इथेच, साक्रीजवळच्या या गावात, भावाच्या घरात. आता झुलालने अमळनेरच्या गिरणीतला एक बिजवर पाहून ठेवला होता. बाटलेला नवरा जातीला मेलेलाच. आखाजी झाली की भागाचा पाट लावून द्यायचा, असं ठरत आलं होतं. त्या बिजवराला तिने एकदा अंगणात पाहिलं होतं. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. तिचे हात पाहिले, आणि झुलालला विचारलं, कपाशी वेचते का.

आणि काल सुकदेव साक्रीच्या बाजारात पुस्तकं विकून, उपदेश करून, चालत गावात आला. मारुतीच्या पारावर पंच बसले होते. त्यांच्यापुढे उभा राहून तो म्हणाला,

"माझी बायको न्यायला आलो आहे."

बायका पाराच्या भिंतीआड होत्या. भागाबाईला तो दिसत नव्हता, आवाज तेवढा येत होता. आवाज बदलला होता. तो आता धुळ्याच्या साहेबलोकांच्या शाळेतलं मराठी बोलत होता, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा.

निंबा नाना जातीत मोठे. ते लगेच नाही म्हणाले नाहीत. माणूस हातात आला की त्याला जरा खेळवायची त्यांना सवय होती.

"बाजारमा तू राजानी गोट सांगी ऱ्हायंता म्हने. कोन राजा?"

सुकदेवने सांगितलं. यहुद्यांच्या संदेष्ट्यांनी शेकडो वर्षं आधीच सांगून ठेवलं होतं की एक राजा येईल. त्यांतल्या मीखाने त्याचं गाव सांगितलं, तेही लहानसं. कोणी सांगितलं की तो कोणाच्या वंशात जन्मेल, कोणी सांगितलं की लोक त्याला तुच्छ मानतील. मग ख्रिस्त आला, आणि एकेक गोष्ट त्याला लागू पडली.

"माप आधी घेतलेलं होतं, नाना. अंगरखा नंतर आला. आणि कुठे ढिला नाही, कुठे आवळत नाही."

पंच सगळे शिंपीच. माप म्हटल्यावर त्यांनी कान दिला. भागाबाईचे वडील रुपचंद आबा कोपऱ्यात बसले होते. मुलीचा विषय निघाल्यापासून ते बोलले नव्हते. आता बोलले.

"आंगरखा दखीसन मांगून माप लिखं नही, कशावरून?"

लोक हसले. सुकदेवही हसल्यासारखा वाटला.

"माप यहुद्यांच्या घरात होतं, आबा. आणि त्यांना हा अंगरखा नको होता. आजही नको आहे. ते कशाला त्याच्या मापाचं लिहून ठेवतील?"

पारावरच्या एकदोघांनी मान डोलावली. निंबा नानांना ते आवडलं नसावं.

"आन् हाऊ राजा कसावर बशीसन उना?"

"गाढवावर."

आता मात्र हसू थांबेना. भिंतीआडच्या बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या. नानांनी पुढे विचारलं,

"त्यासनाकडे घोडं नव्हतं का?"

"घोडा लढाईला लागतो. हा राजा लढायला येणार नव्हता. जखऱ्या नावाच्या संदेष्ट्याने तसंच सांगितलं होतं. पाचशे वर्षं आधी."

झुलाल म्हणाला, "पाचशे वरीस वाट दखी, आन् उना तो गधडावर."

निंबा नानांनी हसू ओसरू दिलं.

"राजा गधडावर बसना. मंग त्याना चाकर कसावर बसी?" ते म्हणाले. "तू बस. येसपासून नदीपावत. तोंड काये, गयामा जोडास्ना हार, आन् तोंड शेपटीकडे. बायकोच काजय लावी. इतलं कर आन् तिले लई जाय. कोनी आडवं येवाव नही. नही बसना, तं आखाजी झायी का तिना पाट."

त्या मुलखात माणसाला गाढवावर बसवलं की त्याचं काहीच उरत नसे. चोर एकदा सुटून आला की चोर राहत नाही, पण गाढवावरून उतरलेला माणूस मरेपर्यंत गाढवावरचाच. त्याच्या मुलांना मुली मिळत नसत. म्हणून हे ऐकून पारावरचे काहीजण खाली पाहू लागले, आणि भागाबाईने भिंतीचा एक पोपडा नखाने उकरून काढला.

"बसतो," सुकदेव म्हणाला.

त्याने विचार करायलाही वेळ घेतला नाही. त्या एका शब्दावर भागाबाईने रात्र काढली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिच्यासाठी कोणी काही केल्याचं तिला आठवत नव्हतं. सासूने लुगडं दिलं ते जुनं, नवऱ्याने चोळी शिवली ती गिऱ्हाइकाच्या उरलेल्या खणाची. आणि आता हा माणूस गावासमोर, तिच्या भावासमोर, जन्मभर पुरेल अशी लाज घ्यायला तयार झाला होता. पहाटे उठून तिने खळ शिजवली आणि ती कोणाला दिसू नये म्हणून तांब्यात झाकून ठेवली.

ऊन चढलं तेव्हा वेशीपाशी गाव जमलं. पुना कुंभार गाढव घेऊन आला. त्याने त्याच्या पाठीवर गोणपाट टाकलं होतं. नाना म्हणाले, काढ, तेव्हा त्याने ते काढलं आणि घडी घालून काखेत धरलं. जोड्यांचा हार तयार होता. कोणीतरी हौसेने त्यात फाटकी चप्पल आणि मेलेल्या बैलाच्या गळ्यातलं घुंगरू ओवलं होतं.

सुकदेवने सदरा काढून घडी केला आणि पुस्तकांच्या पिशवीवर ठेवला. भागाबाई वाटी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. माहेरी आल्यापासून ती त्याला पहिल्यांदाच जवळून पाहत होती. तो बारीक झाला होता. डोळे मात्र आजारातून उठलेल्या माणसाचे असतात तसे, स्वच्छ होते.

निंबा नाना काठीवर रेलले. आपण काय मांडलं आहे ते आता डोळ्यांपुढे उभं होतं, आणि म्हातारपणामुळे म्हणा की खेळ वाढवायचा म्हणून म्हणा, ते म्हणाले,

"येक गोट मांगी ले. जोडा नको म्हन, काजय नको म्हन, नही तं बायकोना हात नको म्हन. येकच. देसूत."

भागाबाईने वाटी दोन्ही हातांनी धरली. जोड्यांचं तिला काही वाटत नव्हतं. काजळीचंही नाही, ती धुऊन निघणार होती. तो काय मागेल ते तिला कळलंच होतं, आणि तो बोलण्याआधीच तिने वाटी भिकुबाईकडे द्यायला थोडी पुढे केली.

"मला तोंड पुढे करून बसू द्या," सुकदेव म्हणाला.

नानांना ऐकू आलं नाही असं वाटलं.

"काय?"

"शेपटीकडे नको. तो राजा पुढे पाहत आला होता. माझं तोंड पुढे असू द्या, बाकी तुमचं सगळं चालेल."

आधी झुलाल हसला, मग बाकीचे. नाना हसले नाहीत. त्यांनी एकदा भागाबाईकडे पाहिलं आणि काठीने मातीत रेघ ओढली.

"बसू द्या," ते म्हणाले.

भागाबाईने पुढे केलेली वाटी मागे घेतली. तिने बोटाने काजळी ढवळून पाहिली. मग मान वळवून म्हणाली,

"वहिनी, तेलना बुधला लई ये."

"तू तं टाकं व्हतं ना?"

"कमी पडनं."

तेल आलं. तिने ते सढळ हाताने ओतलं आणि काजळी चांगली घोटली. खळ आणि तेल एकमेकांत जाईनात. ती घोटत राहिली तेव्हा कुठे काळा, चकचकीत लगदा झाला. सुकदेवने डोळे मिटून तोंड पुढे केलं. तिने कपाळापासून सुरुवात केली. कानामागे लावलं, मानेच्या घडीत लावलं, नाकपुड्यांच्या कडेला अंगठ्याने दाबून लावलं. कुठे जागा सोडली नाही. लहान पोराला न्हाऊ घालावं तसं तिने ते काम केलं आणि हात मातीत पुसले.

गाढव चाललं. पोरांनी शेण मारलं, बाप्यांनी डबे वाजवले. "राजा उना, राजा उना" असं ओरडत सगळं गाव मागे लागलं. लिंबाखाली यशोदाने झोका थांबवला.  ती सुकदेवकडे न पाहता भागाबाईकडेच पाहत राहिली. सुकदेव ताठ बसला होता. काळ्या तोंडात त्याचे दात दिसत होते. तो हसत होता, आणि समोर पाहत होता, गावाच्या पलीकडे, नदीच्याही पलीकडे. गाढवाच्या एका बाजूने भागाबाई त्याची पिशवी आणि सदरा घेऊन चालत होती. पूर्ण वाटेत त्याने एकदाही त्या बाजूला पाहिलं नाही.

नदीत पाणी थोडंच होतं. पंच काठावरूनच परतले; शब्दाप्रमाणे कोणी आडवं आलं नाही. झुलालने भागाबाईचं गाठोडं वाळूत टाकलं.

"आते आठे परत येवानं नही," तो म्हणाला. अमळनेरला नकार कळवायला माणूस पाठवला आहे, हेही त्याने सांगितलं, आणि तो गेला. रुपचंद आबा आलेच नव्हते.

सुकदेव वाळूने तोंड घासत होता. रंग फिका झाला नाही, नुसता पसरला. त्याने खांद्यावरून ओरडून सांगावं तसं सांगितलं,

"पाहिलंस, भागा? लोक पुढे, लोक मागे. शिव्या देत होते, खरं आहे. पण वाट सोडून उभे होते. ख्रिस्तासाठीही अगदी असेच उभे राहिले असतील."

ती गाठोड्याशेजारी बसली होती. तेलाचं सांगून टाकावं असं तिला वाटलं.

"हात मन्हा व्हता," ती म्हणाली.

"काय?"

"तोंडले काजय लावनारा हात. मन्हा व्हता."

तो घासायचा थांबला. तिच्याजवळ येऊन उकिडवा बसला. किती दिवसांनी त्याने तिच्या हातावर हात ठेवला.

"तेही व्हायचंच होतं," तो म्हणाला. आवाजात माया होती. "त्याचाही घात घरच्याच माणसांनी केला. तू मनाला लावून घेऊ नकोस. आणि हे तुझ्यामुळे घडलं, असं तर मुळीच मनात आणू नकोस. तू नसतीस तरी मी बसलो असतो."

मग तो उठला, सदरा न घालताच पिशवी खांद्याला लावली आणि साक्रीची वाट धरली. भागाबाईने गाठोडं डोक्यावर घेतलं. गाव मागे राहिलं. तो भराभर चालत होता आणि चालता चालता बोलत होता. धुळ्याला खोली मिळेल, साहेबाला आजचं सगळं सांगायचं आहे. थोड्या वेळाने त्याचे शब्द तिच्यापर्यंत पोचेनासे झाले. तिने पाय भराभर उचलले नाहीत.

पुढच्या गावाबाहेर विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती. काळ्या तोंडाचा, उघडा माणूस आपल्याशीच बोलत गेलेला तिने पाहिला होता. भागाबाई विहिरीशी थांबली, ओणवी झाली आणि तिने ओंजळ पुढे केली. बाईने पोहऱ्यातून पाणी ओतता ओतता विचारलं,

"तो म्होरे चालना, तो कोन तुन्हा?"

"कोनी नही," भागाबाई म्हणाली. "वाट येक शे."

वळणावर सुकदेव थांबला होता आणि हात उंच करून तिला बोलावत होता. भागाबाईने आणखी एक ओंजळ मागितली.