शेवंतीचा सलाम

जनावरांच्या डॉक्टर अपेक्षाताई सोलापूरहून मंद्रूपला पोचल्या, त्याआधीच धुळाप्पा गुरुबसप्पाअण्णांच्या गोठ्यात येऊन बसला होता. हलगी वाजवणाऱ्या माणसाचं घोडीच्या ऑपरेशनात काय काम? काहीच नाही. पण अण्णांची शेवंती बारा वर्षं वरातीत नाचली ती ह्याच्याच हलगीवर, आणि चार दिवसांपूर्वी गटाराच्या फुटक्या झाकणात तिचा डावा पुढचा पाय गेला, तेव्हाही हाच वाजवत होता. त्याला घरी बसवेना.

ताईंनी आडपडदा ठेवला नाही. "अण्णा, फार आशा धरू नका. हाड स्क्रूनं जोडता येईल. पण घोडं माणसासारखं महिनाभर पडून राहत नाही. तिला आजच उठावं लागेल, आणि उठल्यावर त्या पायावर सगळा भार येता कामा नये. पुन्हा मोडला, तर माझ्याकडे शेवटचं इंजेक्शन तेवढं उरेल."

अण्णा "व्हय" म्हणाले. त्यांनी ऐकलं ते फक्त ‘जोडता येईल’ एवढंच. आपणही अशा वेळी सोयीचं तेवढंच ऐकतो, उगाच अण्णांना नावं कशाला ठेवा!

तीन तास ऑपरेशन चाललं. धुळाप्पा अण्णांना घेऊन लिंबाखाली बसला आणि जुन्या वराती काढत राहिला. टेंभुर्णीचा तो नवरदेव, घोडीवरच डुलक्या घेणारा! शेवंती नाचत होती आणि हा मुंडावळ्यांआड घोरत होता. अण्णांना हसू फुटलं, आणि हसल्याबद्दल लगेच स्वतःचाच राग आला. "गप बस की धुळ्या," ते म्हणाले.

दुपार कलली तरी शेवंती उठेना. भूल केव्हाच उतरली होती. ती मान उचलायची, गोठ्याकडे एकवार बघायची आणि पुन्हा कडब्यावर टाकून द्यायची. ताई सारखं घड्याळ बघत होत्या. "इतका वेळ पडून राहिली तर स्वतःच्याच वजनाखाली तिचं अंग बधिर होतं. मग उठायचीच नाही."

अण्णा एकदम म्हणाले, "धुळ्या, हलगी काढ. झोपेतनं बी उठती ती हलगीवर."

"हळू वाजवा. नाचायला नको," ताईंनी बजावलं.

धुळाप्पानं मूठभर पाचट पेटवून हलगी शेकली, कातडं ताणून घेतलं आणि अगदी सावकाश ठेका धरला. शेवंतीचे कान उभे राहिले. तिनं पुढचे पाय टाकले, घसरली, पुन्हा टाकले, मागून जोर लावला आणि उठली! प्लास्टरचा पाय जपून टेकवत सरळ उभी राहिली. अण्णा लहान पोरासारखे रडले. ताईंनीही चष्मा पुसला. धुळाप्पाला वाटलं, जन्मभर बडवलेल्या ह्या कातड्याचं आज सोनं झालं.

तेवढ्यात अण्णांचा चेहरा उतरला. "धुळ्या, थांबू नको."

धुळाप्पाच्याही ध्यानात आलं. हलगी थांबली की शेवंती सलाम करायची. उजवा पाय दुमडायचा, सगळा भार डाव्यावर घ्यायचा आणि मान झुकवायची. सहा महिने गूळ चारून अण्णांनीच शिकवलं होतं, आणि बारा वर्षांत एकदाही ती चुकली नव्हती.

"हे आधी का नाही सांगितलंत?" ताई कडाडल्या.

रोजचं होतं, म्हणून ध्यानातच आलं नाही. उठवायच्या नादात थांबायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आता गुंगीचं औषध द्यावं तर ती पुन्हा कोसळणार. चार माणसांनी धरलं तरी घोडीचं वजन पेलवत नाही.

तासभर धुळाप्पा वाजवत राहिला. खांदे भरून आले. शेवटी तोच म्हणाला, "अण्णा, मी वाजवत वाजवत लांब जातो. आवाज हळूहळू इरला, तर थांबला असं तिला वाटायचं न्हाय."

अण्णांनी ताईंकडे पाहिलं. "दुसरं मलाही काही सुचत नाही," ताई म्हणाल्या.

धुळाप्पा वाजवत फाटकाबाहेर पडला. उसाच्या कडेनं, ओढ्यावरून, सडकेला. गारठा पडू लागला होता आणि कातडं सैल पडून हलगीचा आवाज उतरत चालला होता. बरंच झालं, त्याला वाटलं. खिशात फोन वाजला. दोन्ही हातांत काड्या. पुन्हा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. अण्णा खुशीत आले असणार, उभी हाय म्हणून सांगत असणार! तो आणखी उमेदीनं चालला, आणि पार पुलावर जाऊन थांबला. मग फोन लावला. अण्णांनी उचलला नाही.

तो धावतच परत आला. शेवंती आडवी होती. प्लास्टरचा पाय वरच्या बाजूला भलतीकडेच वळला होता. ताई पाठमोऱ्या उभ्या राहून सुई भरत होत्या. अण्णा घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

"तुला तीनदा फोन केला," अण्णा म्हणाले. "आवाज कमी हुईल तशी ती सलामाला मान झुकवाय लागली. म्हटलं, माघारी ये."

"अण्णा, मी थांबलो न्हवतो. तुमची शपथ."

"ठाव हाय रं. पर तिला ऐकू येईना की."

धुळाप्पा घोडीजवळ जाऊन बसला. आपणच उठवली आणि आपणच पाडली, ह्यापलीकडे त्याला काही कळेना. अण्णांनी बंडीच्या खिशातून गुळाचा खडा काढून शेवंतीच्या ओठाशी धरला. तिनं तो हुंगला, पण घेतला नाही.

"शेक हलगी," अण्णा म्हणाले. "इंजेक्शन हुईस्तवर वाजव. मग थांबलास तरी चालतंय."

धुळाप्पानं उरलेलं पाचट गोळा केलं. काडी तीनदा विझली, चौथ्यांदा पेटली. त्यानं दुपारचाच सावकाश ठेका धरला. शेवंतीचे कान उभे राहिले, आणि ते खाली येईपर्यंत तो वाजवत राहिला.