डावीकडे वळवलेला बाण

*तुम्ही इथे आहात*

मी एक जुना बाण आहे. धनुष्यातून सुटणारा नव्हे. एका खांबावर, एकाच नटबोल्टने बसवलेला, लाकडी. मित्रांनो, मला जन्मभर एकच काम आहे, बोट दाखवण्याचे. तुम्ही कोणाकडे बोट दाखवले तर घरचे ओरडतात. मला त्यासाठी दरवर्षी रंग देतात.

*सावकाश चाला*

बाण होण्याआधी मी दार होतो, या उद्यानाच्या चौकीचे. नवे दार आले तेव्हा मला चुलीत घालायचे ठरले होते. सुतारकाकांनी बोटाने ठोकून पाहिले आणि म्हणाले, हे लाकूड अजून कामाचे आहे. त्यांनी मला कापले, टोक काढले आणि कडीच्या जुन्या भोकातूनच बोल्ट घातला. मग तापलेल्या सळईने अक्षरे उमटवली : तळ्याकडे. ‘क’च्या वेळी त्यांना शिंक आली. तो ‘क’ आजही पळायच्या तयारीत दिसतो.

मला पायवाटेच्या फाट्यावर उभे केले. उजवी वाट सपाट, पाव तासाची. डावी टेकडीवरून फिरून जाते, सवा तासाची. दोन्ही तळ्यालाच मिळतात. मी उजवीकडे दाखवायचो. लोक माझ्याकडे पाहून निर्धास्त वळायचे. मुंगूस खांबाला पाठ घासून जायचे. आणखी काय हवे?

*(इथे पाटी नव्हती. असायला हवी होती.)*

टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते, आणि अंडीही खड्यांसारखीच दिसतात. दोन वर्षांपूर्वी तिने ती उजव्या वाटेवर घातली. चारही बुटांखाली गेली. ती माणसे वाईट नव्हती. त्यांना कळलेसुद्धा नाही.

पुढच्या वर्षी टिटवी पुन्हा तिथेच बसली, तेव्हा वनरक्षक ताई पाना घेऊन आल्या. नट सैल केला, मला डावीकडे फिरवले, उजव्या वाटेवर एक वाळकी फांदी आडवी टाकली. कारण मात्र कोणालाही सांगितले नाही. सांगितले तर सगळे मोबाईल काढून तिकडेच धावतील, असे त्यांचे म्हणणे. त्या वर्षी पिल्ले वाचली. मी खूश होतो. पण कोणी माझ्याकडे पाहून निर्धास्त वळले की आतून कुरतडल्यासारखे वाटायचे. वाळवी नव्हती, मी खात्री करून घेतली.

*वळण*

या वर्षी पुन्हा चार अंडी, पुन्हा मी डावीकडे. आणि एके सकाळी एक आजोबा आले, निवृत्त बसड्रायव्हर. सोबत आजी. आजींच्या डोळ्यांचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, आणि पट्टी निघाली की पहिले तळे दाखवीन, असे आजोबांनी कबूल केले होते.

“गेल्या खेपेला तर उजवीकडे गेलो म्हणाला होतात,” आजी म्हणाल्या.

“पाटी आहे ना समोर? चाळीस वर्षं पाट्या बघून गाडी हाकली मी. पाटी खोटं बोलत नाही.”

माझ्या टोकाला दोन बोटे लावून ते डावीकडे निघाले. गुडघा दुखत होता, तरी निघाले. मी हाक मारू शकत नाही, मित्रांनो.

दीड तासाने ते परत आले, तळे न पाहताच. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला टेकडीवर गस्त घालताना भेटलेल्या वनरक्षक ताई, मध्ये आजोबा. माझ्याखालच्या दगडावर बसून त्यांनी विजार वर केली. गुडघा नारळाएवढा झाला होता.

आजींच्या नव्या डोळ्यांना फांदी दिसली. ही वाट कुठे जाते, असे त्यांनी सहज विचारले.

ताईंनी आधी फांदीकडे पाहिले. मग म्हणाल्या, “तळ्याकडेच.” आणि त्यांनी टिटवीची सगळी हकीकत सांगितली.

“म्हणजे पाटी खोटी लावलीत,” आजोबा म्हणाले.

“खोटी नाही, काका. फक्त लपवलं.”

“माझ्या गुडघ्याला फरक कळला नाही हो.”

आजोबा मग शांतपणे सांगत राहिले. पूल दुरुस्तीला असला की ते गाडी थांबवून प्रवाशांना तसे सांगायचे. लोक दोन मिनिटे कुरकुरायचे आणि झोपी जायचे. न सांगता वळवली, की शेवटपर्यंत पत्रा बडवायचे.

“पण अंडी आहेत म्हटल्यावर लोक बघायला नाही जाणार?” ताईंनी विचारले.

उत्तर आजींनी दिले. “ऐकलं की बघावंसं वाटतंच. मलाही वाटतंय. पण ऐकल्यावर पाय उचलत नाही.”

*कृपया वाचा*

सुतारकाकांनी माझ्याखाली एक फळी ठोकली : उजवीकडे जमिनीवर टिटवीची अंडी आहेत. खड्यांसारखी दिसतात. पाय पडेल. म्हणून टेकडीवरून जा. चालवत नसेल तर चौकीत सांगा, तळे पाहायला दुर्बीण मिळेल.

पहिल्या रविवारी माझा नट थरथरत होता. ताई झाडाआड उभ्या. एका बाबांनी मोबाईल काढून फांदीवरून एक पाय टाकलासुद्धा. त्यांची मुलगी मोठ्याने वाचत होती. “पाय पडेल” ऐकताच त्यांनी तो पाय तव्यावरून उचलावा तसा मागे घेतला. एक टोपीवाले मात्र गेलेच. टिटवी अशी काही ओरडत अंगावर आली की ते टोपी सोडून परतले. बाकी सगळे कुरकुरत डावीकडे वळले.

*वाट मोकळी*

पिल्ले अंड्यांतून निघाली आणि एका दिवसात पळू लागली. ताईंनी मला पुन्हा उजवीकडे फिरवले. बातमी मिळताच ड्रायव्हर आजोबा आले, काठी टेकत. आजी दोन पावले पुढेच. परतताना आजी माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, “पिल्लं तळ्याच्या काठाला होती. मी मोजली. तीन.”

अंडी चार होती. चौथ्याचे काय झाले, मला माहीत नाही. जे माहीत नाही ते मी आता दाखवत नाही.

मित्रांनो, पाटी दिसली की थांबून वाचा. तिच्यावर चाकूने नाव कोरू नका, गंमत म्हणून तिला फिरवू नका. कोणीतरी दुखऱ्या गुडघ्याने तिच्या भरवशावर चालत असते. आणि कधी तुमच्यावर कोणाला वाट दाखवायची वेळ आली, तर खालची फळी विसरू नका.