एक पायरी खाली

दुभाष्याची नोकरी लागली तेव्हा त्याला वाटलं होतं, यात काय मोठंसं. फोनच्या एका टोकाला इंग्रजी बोलणारा डॉक्टर, दुसऱ्या टोकाला इंग्रजी न येणारे पेशंटचे नातेवाईक, आणि मध्ये कानाला हेडफोन लावून बसलेले आपण. डॉक्टर बोलला की आपण आपल्या भाषेत सांगायचं, पलीकडून प्रश्न आला की तो इंग्रजीत करायचा आणि महिनाअखेरीला पगार घ्यायचा. रोगांची अवघड नावं त्यानं पहिल्याच महिन्यात तोंडपाठ केली. त्याला घाम फोडला तो बारक्या बारक्या विशेषणांनी.

इंग्रजीत काळजी एकटी कधी येतच नाही. तिच्याबरोबर एखादं विशेषण असतं आणि सगळी मेख त्यात असते. ‘सम कन्सर्न’ म्हणजे घाबरू नका. ‘कन्सिडरेबल कन्सर्न’ म्हणजे घाबरा, पण अजून वेळ आहे. ‘ग्रेव्ह कन्सर्न’ म्हणजे ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. डॉक्टरचा आवाज तिन्ही वेळा सारखाच, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा. आपल्या भाषेचं तसं नाही. काळजी वाढली की आपल्याकडे जीव टांगणीला लागतो, तोंडचं पाणी पळतं, हातपाय गळतात. आता डॉक्टर थंडपणे ‘ग्रेव्ह’ म्हणाल्यावर पलीकडच्या म्हातारीला काय सांगायचं? डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालंय म्हणून?

यावर तोड काढली होती खात्याच्या मोठ्या बाईंनी. त्यांचं म्हणणं, विशेषण एक पायरी खाली उतरवून सांगा. ग्रेव्ह असेल तर ‘बरीच काळजी’ म्हणा, कन्सिडरेबल असेल तर ‘थोडी काळजी’. माणूस फोनवर कोसळला तर त्याला सावरायला आपण तिथे नसतो, आणि खरं काय ते त्याला हळूहळू कळतंच. हा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. डॉक्टरांना त्याचा पत्ता नव्हता आणि नातेवाइकांना तर नव्हताच. पण त्या काचेच्या खोल्यांमधून बसणारा प्रत्येक जण तो पाळायचा. दुभाष्या तर त्यात इतका तयार झाला होता की त्याचा हात कोणी धरला नसता. शेजारच्या खोलीतल्या घोगऱ्याला ही विद्या त्यानंच शिकवली होती. घोगऱ्याचा आवाज बसका होता, म्हणून त्याला सगळे घोगऱ्या म्हणायचे.

तर अशा माणसाची ताई आजारी पडली.

ताई म्हणजे नुसती बहीण नव्हे. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं, त्याच्या फीपायी स्वतःचं शिक्षण सोडलं, आणि पुढे सायकली दुरुस्त करणाऱ्या एका साध्यासुध्या माणसाशी लग्न करून लांबच्या गावी गेली. आता ती तिथल्या हॉस्पिटलात होती. मोठ्या डॉक्टरांना आपली भाषा येत नव्हती आणि भाऊजींना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं. म्हणजे फोन दुभाष्याच्याच ऑफिसात येणार. पण घरच्या माणसाचा फोन स्वतः घ्यायचा नाही, आणि फोनवरचं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही, हे दोन नियम मात्र लेखी होते. ताईचे फोन घोगऱ्याकडे गेले.

मंगळवारी भाऊजींनी दुभाष्याला फोन केला.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“थोडी काळजी वाटते म्हणाले.”

“थोडी? हाच शब्द होता का भाऊजी? नीट आठवून सांगा.”

“हो रे बाबा, थोडी. तू काम टाकून धावत येऊ नकोस. तुझी ताईपण तेच म्हणतेय. सवडीनं ये.”

फोन ठेवल्याबरोबर दुभाष्यानं डोक्यात हिशेब मांडला. आपल्यापर्यंत ‘थोडी’ आली, म्हणजे घोगऱ्यानं एक पायरी उतरवली असणार. म्हणजे डॉक्टर ‘कन्सिडरेबल’ म्हणाले. कन्सिडरेबलवाल्यांना वेळ असतो. त्यातले कितीतरी पुढे चालत घरी गेलेले त्याला माहीत होते. शुक्रवारी नव्या मुलामुलींचा वर्ग घ्यायचा होता आणि मोठ्या बाईंनी तो खास त्याच्यावर सोपवला होता. तो उरकून शनिवारी सकाळची गाडी पकडायची, असं त्यानं ठरवलं. काचेपलीकडे घोगऱ्या बसला होता. त्यानं मान वर करून याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. याला नुसतं उठून दाराशी जायचं होतं. घोगऱ्यानं नियम मोडून सांगितलंही असतं, मनाचा मऊ होता तो. पण याला विचारायची गरजच वाटली नाही. आपल्याला सगळं कळतं असं एकदा वाटायला लागलं की माणूस विचारणं सोडून देतो, आणि दुभाष्याला तर त्याबद्दल पगार मिळत होता.

शुक्रवारी वर्ग रंगला. फोन बाहेर कपाटात ठेवायचा असा वर्गाचा दंडक होता, तो त्यानं स्वतःही पाळला. फळ्यावर त्यानं एका बाजूला नामं लिहिली, दुसऱ्या बाजूला विशेषणं, आणि मग त्यांच्या जोड्या लावायला सांगितल्या.

“होपला काय लावाल? ‘स्मॉल’ नाही. होप ‘फेंट’ असते. चान्स ‘स्लिम’ असतो. रिस्क ‘बिग’ म्हणालात तर डॉक्टर हसतील, रिस्क ‘हाय’ असते. ‘डीप’ पश्चात्तापाला चालतं, रिस्कला चालत नाही. यात का म्हणून विचारू नका, हे असंच असतं. लग्नं जमतात तशी जमलेली असतात ही.”

मुलं हसली. मग त्यानं आवाज खाली आणून पायरीची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला.

“सर, पण आपण उतरवून सांगितलं, आणि ऐकणाऱ्यानंही घरी जाऊन उतरवून सांगितलं, तर?”

“म्हणजे?”

“म्हणजे माझी आई तसंच करते. बाबांना ताप असला की मला कणकण आहे म्हणून सांगते.”

पुन्हा हशा पिकला. दुभाष्याही हसला. “तुमच्या आईला आपल्याकडे नोकरीला लावू,” तो म्हणाला आणि पुढच्या जोडीकडे वळला. फळा पुसताना मात्र त्याचा हात मध्येच थांबला. मंगळवारपासून आपण एकच पायरी धरून चाललो आहोत, हे त्याला आत्ता दिसलं.

वर्गाच्या दाराबाहेर घोगऱ्या उभा होता. त्याच्या हातात दुभाष्याची बॅग होती.

“निघ,” तो म्हणाला.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“निघ म्हणतोय ना.”

“मंगळवारी काय म्हणाले होते? तेवढं सांग.”

घोगऱ्यानं बॅग त्याच्या खांद्याला अडकवली. “ग्रेव्ह,” तो खाली बघत म्हणाला. “मी ‘बरीच’ सांगितलं. तूच शिकवलंस ना.”

तो पोचला तोवर ताईला वॉर्डमधून हलवलं होतं. पलंगावर नवी चादर घातली होती. भाऊजी बाहेर बाकावर बसले होते, मांडीवर ताईची पिशवी होती आणि तिच्यातून तिचा स्वेटर डोकावत होता. त्यांच्या बोटांच्या पेरांतलं काळं वंगण आठवडाभर दुकानात न जाताही निघालं नव्हतं. दुभाष्या त्यांच्यासमोर उभा राहिला. आधी रडू येईल असं त्याला वाटलं होतं, पण आला तो राग.

“थोडी म्हणाला होतात तुम्ही मला.”

“हो.”

“त्या फोनवरच्या माणसानं तुम्हाला ‘बरीच’ सांगितलं होतं.”

“हो रे. बरीच म्हणाला. गोड बोलला बिचारा.” भाऊजींनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. “मी तुला फोन लावला आणि ही पलंगावरून खुणा करायला लागली. कमी सांगा, कमी सांगा. मग मी कमी सांगितलं. मला काय माहीत?”

दुभाष्या त्यांच्याशेजारी बसला. कोणाच्या नावानं बोटं मोडायची ते त्याला सुचेना. फिरून फिरून बोट आपल्याकडेच येत होतं. एवढी वर्षं किती घरांत त्यानं असे उशीर पेरले असतील, हे त्याच्या मनात आलं.

“माझी आठवण काढली का तिनं?” त्यानं विचारलं.

भाऊजी बोलायच्या आधी थांबले, शब्द शोधायला लागले. ते थांबणं दुभाष्याच्या रोजच्या ओळखीचं होतं.

“उतरवू नका भाऊजी. झालं तसं सांगा.”

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं.

“बुधवारपासून दुसरं काही बोललीच नाही,” ते म्हणाले. “मी म्हटलं, अगं आपण त्याला ‘थोडी काळजी’ एवढंच सांगितलंय, तो कसा येईल लगेच? तर म्हणाली, तो ओळखेल बरोबर. रोजचं कामच आहे त्याचं. दार वाजलं की मान वळवायची. मग मान वळेनाशी झाली, तेव्हा मला म्हणायची, तुम्ही बघा, आला असेल.”

त्यांनी पिशवीतून डोकावणारा स्वेटर आत सारला.

“मी आपला दर वेळी उठून बघून यायचो.”