तिरपी मान

तातेरावांनी राजानंदाच्या डाव्या दंडाला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक छातीसमोरच्या जाळीच्या खांबाला आवळलं.

"आता बघू खांदा कसा उघडतो ते," असं म्हणत ते बारा-पंधरा पावलं मागं गेले आणि बादलीतला ओला चेंडू उचलला.

राजानंदाची माय चतुराबाई चहाची किटली घेऊन जाळीपाशी आली होती. तिनं दोराकडं पाहिलं, खांबाकडं पाहिलं.

"सर, बैल बांधून राह्यलात का फलंदाज?"

"चतुराबाई, याचा डावा खांदा चेंडू यायच्या आधीच फिरतो. छाती सगळी समोर येते. मंग बाहेर जाणाऱ्या चेंडूला बॅट आडवी लागते अन् कड घेऊन मागं झेल. दर खेपेला तेच."

"ते पेपरवाल्यानं बी लिहिलं. मी इचारते, का फिरतो?"

तातेरावांनी चेंडू हातात फिरवला. शाळेत पीटी शिकवत असताना त्यांनीच या पोराच्या हातात पहिली बॅट दिली होती आणि त्याच्या चौदा वर्षांच्या खेळातली प्रत्येक धाव त्यांना पाठ होती. पण खांदा का फिरतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी चेंडू टाकला. दोर ताणला, खांब करकरला आणि चेंडू बॅटची कड घेऊन मागच्या जाळीत गेला.

ही जागा म्हणजे चतुराबाईचं खळं. राजानंद राज्याच्या संघात पक्का झाला त्या वर्षी त्यानं तिथं सिमेंटची पट्टी ओतली आणि जाळी लावली. टेंभुर्णी गावच्या पोरीबाळीसुद्धा त्याचे फटके ओळखत. तीन वर्षांपूर्वी एक उसळता चेंडू हेल्मेटच्या जाळीतून आत शिरला आणि डाव्या डोळ्याखालचं हाड तडकलं. हाड जुळलं, धावा मात्र जुळल्या नाहीत. निवडणारे म्हणाले, वय झालं, पाय हलत नाहीत. गाव म्हणालं, भ्यायला. सदतिसाव्या वर्षी त्याला संघातून काढलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. आता रविवारी जालन्यात एक सामना होता आणि निवड समितीतले दोघे तो पाहायला येणार होते. तिथं जमलं नाही तर बॅट माळ्यावर टाकायची, असं राजानंदानं बायकोला सांगितलं होतं. सुमेधानं ते सासूला सांगितलं, आणि सासूनं ऐकलंच नाही असं दाखवलं.

चहा प्यायला तो पायरीवर टेकला. तांब्यातलं पाणी पेल्यात ओतायला गेला तर धार पेल्याच्या अलीकडं, फरशीवर पडली. त्यानं मान किंचित डावीकडं वळवली, तिरपी केली आणि मग पेला बराबर भरला.

चतुराबाईचा हात किटलीवर तसाच राहिला. ती मान तिच्या ओळखीची होती.

तिनं परड्यातल्या झाडाचं एक लिंबू तोडलं, त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली आणि हळूच त्याच्याकडं फेकलं. ज्यानं स्लिपमध्ये उभं राहून कधी झेल सोडला नव्हता, त्याच्या खांद्यावर लिंबू आपटलं आणि घरंगळत नालीत गेलं.

"काय गं माय?" तो दचकून म्हणाला.

"काई न्हाई. हातातून निसटलं."

अंगणात ताडपत्रीखाली त्याची गाडी उभी होती. दिवाळीपासून त्यानं ती काढली नव्हती. डिझेल महाग झालंय म्हणाला होता. डिझेलचा भाव त्यानं जन्मात कधी विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चतुराबाई भरल्या गल्लीत ओट्यावर गोधडी घेऊन बसली. सुईत दोरा ओवायला गेली, एकदा चुकली, दोनदा चुकली. मग सुई खाली ठेवून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सुमेधा, मला दिसंना गं."

समोरच्या ओट्यावर गिरिजाबाई तूर निवडत होती. तिचा हात थांबला. आठ वर्षं चतुराबाई तिला चार डोळ्यांची म्हणत आली होती. गिरिजाबाईनं चष्मा नाकावर वर सरकवला.

"काय म्हनली चतुराबाई? तुला दिसंना?"

"न्हाई दिसत."

"तुला तर म्हने आभाळातल्या घारीचं नख दिसतं."

"दिसत व्हतं. आता न्हाई."

गिरिजाबाईनं ते वाक्य दिवसभर साऱ्या गावाला वाटलं. चतुराबाईनं वाटू दिलं. सुमेधा मात्र सासूकडं पाहतच राहिली, कारण त्याच सकाळी सासूबाईंनी तांदळातला मोहरीएवढा खडा उभ्या उभ्या टिपला होता.

"राजा, मला जालन्याला डोळ्याच्या दवाखान्यात घेऊन चल," रात्री जेवताना चतुराबाई म्हणाली.

"रविवार झाला की जाऊ."

"तोवर मी आंधळी झाले मंजी?"

ते बसनं गेले. गाडीचं नाव त्यानंही काढलं नाही, तिनंही नाही. बसमध्ये एकानं उठून त्याला जागा दिली आणि मागून दुसरा कुणीतरी म्हणाला, "चेंडू लागल्यापासून दम राह्यला न्हाई." राजानंद खिडकीबाहेर पाहत राहिला. चतुराबाईनं मान वळवून बोलणाऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"भाऊ, तुमच्या शर्टाचं दुसरं बटन तिसऱ्या काजात गेलंय. आधी ते बघा."

बस हसली. राजानंदही किंचित हसला, पण लगेच त्याच्या ध्यानात आलं की बटन पाहणारी ही बाई आंधळी व्हायला निघाली आहे.

दवाखान्यात गर्दी होती. खिडकीमागच्या पोरीनं विचारलं, "आजी, आधी दाखवलं होतं का इथं?"

चतुराबाईनं कमरेची पिशवी सोडली. आतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला, घड्यांवर फाटायला आलेला पिवळा केसपेपर काढला आणि पोरीच्या आधी मुलाच्या हातात दिला.

त्यानं तो तिरप्या मानेनं वाचला. नाव तिचं, तारीख आठ वर्षांपूर्वीची. डावा डोळा, मोतीबिंदू, शस्त्रक्रिया पूर्ण.

"तवा तर तू भोकरदनला मावशीकडं गेल्ती."

"गेल्ते. हिकडून तिकडं गेल्ते. आठ दिवस काळा चष्मा लावून तिच्या घरात बसले. तिला शपथ घातली."

"मंग आज?"

"माझे दोन्ही डोळे ठणठणीत हायेत." ती बाकावर बसली आणि शेजारची जागा हातानं पुसली. "बस."

तो बसला. समोर भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. ती त्याच्याकडं न पाहता, तक्त्याकडं पाहत बोलू लागली.

"कंपनीच्या बियान्याच्या प्लॉटवर मी तीस बायांवर मुकादम व्हते. दुपारी कपाशीच्या कळ्या सोलायच्या, नराचे केसर सगळे काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आनून वर घासायचं. एक केसर मागं राह्यलं की बी बिघडतं. मला दोन ओळी पल्याडून दिसायचं, कुनाच्या कळीत राह्यलं ते. मंग डावा डोळा धुरकटला. मान तिरपी करून उजव्यानं निभावलं. एक हंगाम निभला. दुसऱ्या हंगामाला कंपनीनं तपासलं, तर माझ्या हाताखालचं सगळं बी नापास."

"ते तर गिरिजामावशीमुळं झाल्तं ना?"

"तीस बायांत तिलाच चष्मा व्हता. साहेब म्हनले, हिलाच दिसत नसंल. तिला काढलं. पुन्हा कुन्या प्लॉटवर तिला घेतलं न्हाई." चतुराबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी तिथंच उभी व्हते. गप बसले. मंग त्याच महिन्यात हितं येऊन गुपचूप डोळा करून घेतला."

पलीकडं एक म्हातारा डोळ्यात थेंब घालून तोंड वर करून बसला होता.

"कवापासून?" तिनं विचारलं.

राजानंदानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. चौदा वर्षं त्यानं पत्रकारांना, निवडणाऱ्यांना, तातेरावांना उत्तरं दिली होती.

"दीड वर्ष झालं. आधी दिव्याभवती गोल दिसायचं. आता डाव्यानं निस्ता धूर दिसतो." मग अगदी हळू, "कळलं तर कायमचं काढतील, माय."

"न कळता बी काढलंच की."

परिचारिकेनं दारातून नाव पुकारलं, "चतुराबाई."

बाकावरून कुणी उठलं नाही. तिनं पुन्हा पुकारलं. मग तो सहा फुटांचा गडी उभा राहिला आणि आत गेला. परिचारिकेनं कागदाकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं आणि ओळखून दार अर्धवट लोटलं.

उरलेल्या फटीतून चतुराबाईला तो दिसत होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला उजव्या डोळ्यावर तळहात ठेवायला सांगितला आणि तक्त्याच्या सगळ्यात वरच्या, विताएवढ्या अक्षरावर काडी ठेवली. चतुराबाई दुसरी शिकलेली, पण ते अक्षर तिला येत होतं. ते ओठावर आलेलं तिनं गिळलं. आत राजानंदाची मान सवयीनं डावीकडं वळू लागली, आणि थांबली. त्यानं ती सरळ केली.

"दिसत नाही," तो म्हणाला.

तासाभरानं तो बाहेर आला. मार लागल्यानं धरलेला मोतीबिंदू होता. बाई म्हणाल्या होत्या की काढता येईल, मागचा पडदा चांगला आहे. खेळाचं वचन त्या देत नव्हत्या, पण खेळू नका असंही म्हणत नव्हत्या. रविवारचा सामना मात्र नाही.

रस्त्यावर येऊन त्यानं तातेरावांना फोन लावला. पलीकडचा आवाज चतुराबाईलाही ऐकू येत होता.

"रविवारी माझं नाव काढा, सर."

"काढू? का रे? माय बरी हाय ना? डोळ्याचं काय म्हनले?"

चतुराबाईनं हातानं खूण केली, माझंच नाव सांग. गावात तसंही तिचेच डोळे गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. राजानंदानं तिच्याकडं पाहिलं, सरळ मानेनं.

"माय बरी हाय, सर. डोळा माझा गेलाय. डावा. दीड वर्ष तुमच्यापासून लपवला."

पलीकडं बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. मग तातेराव म्हणाले, "म्हंजी खांदा चांगलाच हाय तुझा." आणि थोड्या वेळानं, "उगंच दोर बांधला रे मी."

परतीच्या बसमध्ये राजानंद झोपला. शेवटचं तो असा कधी झोपला होता ते चतुराबाईला आठवेना. तिनं मांडीवरची पिशवी चाचपली, आतला कागद आहे ना ते पाहिलं, पुन्हा पाहिलं.

गावात उतरल्यावर तो घराकडं वळला. ती वळली नाही. समोरच्या ओट्यावर गिरिजाबाई दिवसभर वाटच पाहत असावी.

"काय म्हनले डाक्टर? दिसंल का काही?"

"सरक जराशी."

गिरिजाबाई सरकली, कारण एवढ्या वर्षांत या बाईनं तिच्या ओट्याला पाय लावला नव्हता. चतुराबाईनं पिशवी सोडली आणि पिवळा कागद उलगडून तिच्या मांडीवर ठेवला.

"तू चौथी झालीस ना, गिरजे?"

"झाले की. का?"

"मंग वाच. आधी तारीख वाच."

गिरिजाबाईनं लुगड्याच्या पदरानं चष्मा पुसला, कानांवर नीट बसवला आणि कागद उजेडाकडं धरला.